वाळूऐवजी प्लॅस्टिक?

प्रश्न : अंगणातल्या पायवाटेच्या काँक्रीटमध्ये पाण्याच्या बाटल्यांचा चुरा घातला तर चालेल का? किती घालावा?

उत्तर : पायवाटेला चालेल. स्लॅब, बीम, कॉलममध्ये मात्र अजिबात नको. बाटलीचं प्लॅस्टिक गुळगुळीत असतं, सिमेंट त्याला नीट धरत नाही, म्हणून ताकद घटते. शिवाय आगीत ते वितळतं.

वाळूच्या घनफळाच्या दहा टक्क्यांवर जाऊ नका. सर्वांत जास्त चूक होते ती इथे : आठ किलो वाळू काढून आठ किलो चुरा घालतात. प्लॅस्टिक वाळूच्या जवळपास निम्म्या वजनाचं, त्यामुळे तेवढीच जागा भरायला साधारण चार किलो पुरतो. सिमेंटच्या एका गोणीच्या १:१.५:३ मालाला (एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू, तीन भाग खडी) हे प्रमाण बसतं.

तुकडे २ ते ४ मिलिमीटरचे हवेत, लेबल काढून, साबणाने धुऊन, वाळवलेले. आधी सिमेंट, वाळू, चुरा कोरडेच कालवा, मग खडी, शेवटी पाणी, गोणीला २५ लिटरच्या आत. माल घट्ट वाटला म्हणून पाणी वाढवू नका. व्हायब्रेटर (माल हलवून घट्ट बसवणारं यंत्र) जास्त चालवलात तर चुरा वर येतो. दुधाच्या पिशव्या तर पाण्याहूनही हलक्या, त्या टाळाच.

वरचा थर साध्या काँक्रीटचाच द्या, नाहीतर झिजून प्लॅस्टिकचे कण मातीत जातील.