आफ्रिकन ग्रे पोपट घरी पाळण्यासाठी परवानगी लागते का?

आपण विचारले आहे की आफ्रिकन ग्रे पोपट घ्यायचा आहे, विक्रेता "परदेशी पक्ष्याला भारतात कसलाही परवाना लागत नाही" असे सांगतो, ते खरे आहे का आणि एकूण खर्च किती येईल. विक्रेत्याचे म्हणणे काही वर्षांपूर्वीपर्यंत बऱ्याच अंशी खरे होते. आज ते साफ खोटे आहे. नेमक्या याच वाक्यावरून आमच्या घरात दीर्घकाळ वाद चालू असल्यामुळे जरा विस्ताराने लिहिते.

आमचे धाकटे दीर इथे बडोद्यातच, कारेलीबागेत राहतात. त्यांनी हौसेने असाच एक करडा पोपट आणला, तेव्हा मी पहिल्याच दिवशी पावती पाहायला मागितली. पुढे आली ती कच्च्या बिलाची एक चिठ्ठी, जिच्यावर "पक्षी १" आणि रक्कम एवढेच लिहिलेले होते; पक्ष्याची जात नाही, पायातल्या कड्याचा क्रमांक नाही, विकणाऱ्याचा धड पत्ताही नाही. माझी सारी नोकरी कचेरीत आवक-जावक सांभाळण्यात गेली असल्याने अशी चिठ्ठी पाहिली की माझे डोके उठते. भाऊजींचे उत्तर मात्र ठरलेले असे: "वहिनी, कायदा आपल्या पोपटांसाठी आहे, हा आफ्रिकेचा."

त्यांच्या म्हणण्याला आधार होता, हे मी नाकारत नाही. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा मुख्यतः इथल्या प्राण्यापक्ष्यांचा विचार करून केलेला होता. त्यामुळे निम्म्या गल्लीत मिठू म्हणून टांगलेला देशी हिरवा पोपट ठेवणे हा गुन्हा, आणि मॅकॉसारखा लाखभर रुपयांचा परदेशी पोपट दिवाणखान्यात मिरवणे बिनबोभाट, असा उफराटा प्रकार वर्षानुवर्षे चालला. (देशी पोपट आजही या कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत, म्हणजे संरक्षित जातींच्या यादीत आहे, आणि त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते, शेजारी कोणी विचारत नाही म्हणून तो कायदेशीर ठरत नाही.) वन्य जातींच्या व्यापारावरील 'सायटिस' या आंतरराष्ट्रीय करारात भारत १९७६ पासून आहे, पण त्याचा अंमल मुख्यतः आयात-निर्यातीच्या वेळी होत असे. पक्षी एकदा देशात आला की तो कोणाच्या घरी आहे, हे फारसे कोणी विचारत नसे.

ही फट २०२२ च्या दुरुस्तीने बुजवली. १ एप्रिल २०२३ पासून ती लागू आहे आणि तिच्यात सायटिसच्या याद्यांतील जाती नव्या चौथ्या अनुसूचीत घेतल्या आहेत. आफ्रिकन ग्रे तर २०१६ च्या जोहान्सबर्ग परिषदेत सायटिसच्या सर्वांत कडक अशा पहिल्या परिशिष्टात गेला, कारण जंगलातून त्याची बेसुमार पकड होत होती. पुढे २८ फेब्रुवारी २०२४ रोजी नोंदणीचे नियम निघाले. त्यांनुसार ज्यांच्याकडे असे प्राणी आधीपासून होते त्यांनी सहा महिन्यांत केंद्राच्या 'परिवेश' पोर्टलवरून राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे अर्ज करायचा होता, आणि नव्याने घेणाऱ्याला त्याहून बरीच कमी मुदत मिळते.

त्याआधी जून २०२० मध्ये केंद्र सरकारने एक सवलत दिली होती: आपल्याकडील परदेशी प्राणी स्वतःहून सहा महिन्यांत जाहीर करा, कागदपत्रे विचारणार नाही. मी वर्तमानपत्रातले ते कात्रण भाऊजींना नेऊन दिले. त्यांनी ते पिंजऱ्याच्या तळाशी अंथरले. २०२४ मध्ये मात्र मी ऐकले नाही. जुलैमध्ये त्यांच्या घरी जाऊन अर्ज मीच भरायला बसले. त्यात पक्ष्याची ओळख पटवावी लागते, म्हणून एका हाताने भिंग धरून मी त्याच्या पायातले कडे वाचू लागले. ते बंद कडे होते, म्हणजे जोड नसलेले. असे कडे पिल्लू काही दिवसांचे असतानाच पंजातून सरकवता येते, मोठ्या पक्ष्याच्या पायात ते जातच नाही. म्हणून पक्षी पिंजऱ्यात जन्मलेला आहे याची ती सर्वांत बोलकी खूण असते. अक्षरे विष्ठेने बुजली होती, ती ओल्या कापसाने पुसावी लागली, आणि पोपट महाशय तेवढा वेळ इमारतीच्या लिफ्टच्या आवाजात "कृपया दरवाज़ा बंद कीजिए" असे मला बजावत राहिले. क्रमांक मिळाला, अर्ज गेला.

ऑगस्टच्या अखेरीस, म्हणजे नेमकी मुदत संपण्याच्या दिवसांत, विश्वामित्री नदीला पूर आला. कारेलीबागेत पाणी शिरले, वीज गेली, मगरी रस्त्यांवर आल्या आणि पिंजरा आमच्या दुसऱ्या मजल्यावर हलवावा लागला. शेवटच्या दिवशी अर्ज करू, असे म्हणणाऱ्या भाऊजींनी तेव्हा तो कोठून केला असता, याचे उत्तर मला अद्याप मिळालेले नाही. नातेवाइकांत मात्र ते अजूनही "वहिनींनी उगाच हजार रुपये घालवले" असेच सांगतात.

खर्चाचे म्हणाल तर नोंदणीचे शुल्क तेवढेच, एक हजार. पक्ष्याची किंमत विक्रेता तोंडाला येईल ती सांगतो, त्यात मी पडत नाही. पण पहिल्या परिशिष्टातील जातींची पैदास करणाऱ्याला स्वतःचा परवाना घ्यावा लागतो, तो आधी पाहायला मागा. पक्क्या पावतीवर जात आणि कड्याचा क्रमांक लिहून घ्या, आणि तो क्रमांक पक्ष्याच्या पायावर स्वतः वाचा. यांपैकी एकासाठीही विक्रेत्याने आढेवेढे घेतले, तर तेथून उठा. "नंतर पाठवतो" म्हणणारा विक्रेता कधीही काही पाठवत नाही. शिवाय हा पक्षी चाळीस-पन्नास वर्षे सहज जगतो, त्यामुळे आपल्यानंतर तो कोणी सांभाळायचा हे ठरवल्याशिवाय पन्नाशी ओलांडलेल्या माणसाने तो घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे सारे चौथ्या अनुसूचीतील जातींना लागू आहे. बजरीगर आणि कॉकाटील हे छोटे परदेशी पोपट सायटिसच्या यादीत नाहीत, त्यांना ही नोंदणी लागत नाही. मी वकील नाही, तेव्हा पैसे देण्यापूर्वी आपल्या जिल्ह्याच्या वन विभागाच्या कचेरीत एकदा विचारून घ्यावे. नोंदणीनंतर पक्षी दुसऱ्याला दिला, त्याला पिल्ले झाली किंवा तो मेला, तर तेही कळवावे लागते.

भाऊजी सध्या मुलाकडे कॅनडात आहेत आणि पोपट आमच्याकडे आहे. ते येथे अधूनमधून वाचतात, म्हणून लिहिते: हस्तांतरणाच्या कागदांसाठी तुमचे नोंदणी प्रमाणपत्र लागणार आहे, त्याची प्रत पाठवा.