नीटचा तिसरा प्रयत्न की स्ट्रॉबेरीवरचे विषाणू?

प्रश्न : आम्ही जावळी तालुक्यातले स्ट्रॉबेरी बागायतदार. मुलीचे नीटचे दोन प्रयत्न झाले, तिसऱ्यासाठी क्लासची फी भरली आहे. ती मात्र पिकांवरच्या विषाणूंचा अभ्यास करायचा म्हणते. पान बघून रोग तर कृषी सेवा केंद्रवालाही सांगतो. तिला समजवा.
– एक पालक, मेढा

उत्तर : मला तिच्या गुणांपेक्षा ‘फी भरली आहे’ या शब्दांची काळजी वाटते. तिला विचारून भरलीत का? अख्ख्या पत्रात तिच्या इच्छेला एकच वाक्य मिळालं, तेही खोडून काढण्यासाठी. दोन वर्षं मान मोडून अभ्यास केल्यावरही मुलगी दुसऱ्याच विषयाचं नाव घेत असेल, तर ते ऐकून घ्यायचं असतं. तिला समजवायचं काम मी करणार नाही.

समजवायचं आहे ते तुम्हाला. स्ट्रॉबेरीत एकच विषाणू असेल, तर पुष्कळदा रोप निरोगीच दिसतं. दोन-तीन एकत्र आले की ते खुरटतं, फळ बारीक होतं. पिवळेपणा तर लोह कमी पडल्यानेही येतो. खात्रीसाठी पीसीआर, म्हणजे विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी चाचणी लागते, आणि त्यात शोधायचं कुणाला हे आधी ठाऊक असावं लागतं. तिथे वर्गीकरण कामी येतं. पानं आकसवणारा क्रिंकल विषाणू रेबीजच्या कुळातला, त्याचं जनुकीय द्रव्य आरएनएचं. शिरा पिवळ्या करणारा व्हेन बँडिंग डीएनएचा, फ्लॉवरवरच्या मोझॅक विषाणूचा भाऊबंद. दोघांनाही मावा ही रस शोषणारी कीडच पसरवते; पण क्रिंकल माव्याच्या अंगात वाढतो आणि मावा मरेपर्यंत तिथेच राहतो, तर मॉटल नावाचा तिसरा विषाणू काही तासांतच माव्यातून निघून जातो. मावा कधी आणि किती आटोक्यात आणायचा, ते यावर ठरतं. रोपातला विषाणू मारणारी फवारणी नाही. मदर प्लांट, म्हणजे ज्यापासून रोपं काढता ते मूळ झाड बाधित असेल, तर रनरमधून, म्हणजे त्याच्या सरपटणाऱ्या फांदीतून, तो तुमच्याच वाफ्यात उतरतो. रोपांवर पैसा लावणाऱ्या माणसाने या विषयाला हलकं म्हणावं, याचं मला वाईट वाटलं.

वाट अशी : एमएचटी-सीईटी, बी.एस्सी. कृषी, पुढे वनस्पती रोगशास्त्रात एम.एस्सी. पदवीवर थांबली, तर विषाणूंचं काम हाती येणं कठीण, पीएच.डी.पर्यंत जायची तयारी हवी आणि नोकरीच्या जागाही थोड्या आहेत. हे तिलाही स्पष्ट सांगा.

क्लासला फोन करून फी परत मिळते का ते विचारा. मग तिला कराडच्या कृषी महाविद्यालयात न्या. तिथल्या रोगशास्त्राच्या प्राध्यापकांशी तिलाच बोलू द्या. तुम्ही बाहेर थांबा.