परिसराचा भू-वापर आराखडा सुधारताना लोकांना कधी आणि काय विचारावे?

तुमच्या परिसराचा भू-वापर आराखडा वीस वर्षांहून जुना आहे, तो सुधारण्याचे काम आता हाती घेतले जात आहे आणि रहिवाशांची मते गोळा करण्याची जबाबदारी तुमच्या समितीवर आली आहे. मागच्या खेपेला घेतलेली सभा आरडाओरड्यात संपली, म्हणून या वेळी ते कसे करावे, असे तुम्ही विचारले आहे. मी बरीच वर्षे नगररचनेच्या कामात होतो. आधी आराखडा तयार करणाऱ्यांमध्ये आणि पुढे हरकती नोंदवणाऱ्या रहिवाशांमध्ये. त्या अनुभवावरून एक गोष्ट आग्रहाने सांगतो. रंगवून पूर्ण झालेला नकाशा लोकांसमोर ठेवून त्यांचे मत विचारू नका. नकाशाला रंग लागण्याच्या आधी त्यांच्याकडे जा, आणि तेव्हा मत विचारण्याऐवजी माहिती विचारा.

मत आणि माहिती यांतला हा फरक वाटतो त्यापेक्षा मोठा आहे. मत विचारले की माणूस बाजू घेतो, आणि बाजू घेतलेला माणूस सभेत हरायला तयार नसतो. ‘तुमच्या गल्लीत काय काय चालते, कोणत्या वेळी चालते, पाणी कुठे साचते, मुले कुठून ये-जा करतात’ असे विचारले की तोच माणूस जाणकार होतो, कारण या गोष्टी त्याच्याइतक्या कोणत्याही कार्यालयाला ठाऊक नसतात. आराखड्याचा पाया म्हणजे विद्यमान भू-वापराचा नकाशा. तो चुकला तर त्यावर बेतलेले सगळे प्रस्ताव चुकतात, आणि तो चुकतो याचे कारण सर्वेक्षण करणारा माणूस इमारत रस्त्यावरून पाहतो. दुपारी बंद असलेले शटर संध्याकाळी उघडते हे त्याला दिसत नाही. वरच्या मजल्यावरचे पाळणाघर, मागच्या खोलीतले शिवणकाम, तळमजल्यावरचा सुतार यांपैकी काहीच त्याच्या तक्त्यात येत नाही. मग ती सगळी रांग ‘रहिवास’ म्हणून रंगवली जाते आणि तिथे वर्षानुवर्षे पोट भरणारी माणसे एका दिवसात कागदावर नियमबाह्य ठरतात. त्यांना त्याचा पत्ता लागतो तो थेट नोटीस आल्यावर.

अशाच एका कामात आम्ही नकाशाचा मोठा कागद सभागृहाच्या फरशीवर पसरला होता. माणूस नकाशावर सर्वांत आधी स्वतःचे घर शोधतो. एका वृद्ध बाईंनीही तेच केले, पण घर सापडल्यावर त्या थांबल्या नाहीत. घरांच्या रांगेमागच्या एका रिकाम्या पट्ट्यावर त्यांनी बोट ठेवले आणि ते हळूहळू नकाशाच्या खालच्या टोकापर्यंत ओढत नेले. ‘पाणी इथून जातं,’ त्या म्हणाल्या, ‘तुमच्या कागदावर ते कुठं आहे?’ सर्वेक्षण उन्हाळ्यात झालेले होते. आमच्या कागदावर तो पट्टा म्हणजे निव्वळ मोकळी जमीन होती आणि प्रस्तावित रहिवासासाठी तीच सर्वांत सोयीची वाटत होती. प्रत्यक्षात तो बुजत आलेला नाला होता आणि पावसाळ्यात त्यात दोन-दोन दिवस पाणी उभे राहत असे. त्या बोटाने आमचा एक मोठा प्रस्ताव बदलला आणि तो पट्टा शेवटी मोकळाच राखला गेला. त्या बाईंना आम्ही फक्त मत विचारले असते, तर त्यांनी बहुधा मान हलवली असती आणि घरी गेल्या असत्या.

म्हणून पहिले काही आठवडे याच कामाला द्या. १:१००० किंवा शक्य असल्यास १:५०० प्रमाणाचा नकाशा छापून घ्या आणि त्यावर शाळेचे फाटक, पाण्याची टाकी, मोठी झाडे अशा ठळक खुणा लिहा, म्हणजे नकाशा वाचण्याची सवय नसलेल्यालाही आपण कुठे आहोत ते कळेल. रहिवाशांच्या छोट्या गटांबरोबर प्रत्येक गल्लीतून दोनदा फिरा, एकदा सकाळी आणि एकदा दिवे लागल्यावर. दोन्ही वेळची नोंद वेगळ्या शाईने करा. या दोन फेऱ्यांमध्ये दिसणारा फरक तुम्हांला परिसराविषयी जे सांगेल, ते कोणत्याही प्रश्नावलीतून हाती येणार नाही.

त्यानंतरचा टप्पा अवघड असतो, कारण लोक रंगांवरून भांडतात आणि खरा निर्णय रंगांमध्ये नसून नियमावलीत असतो. कोणत्या विभागात कोणते वापर चालतील, चटई क्षेत्र निर्देशांक (भूखंडाच्या क्षेत्राच्या किती पट बांधकाम करता येते ते प्रमाण) किती, उंची किती, सामासिक अंतरे (इमारत आणि भूखंडाची हद्द यांच्यात मोकळी सोडायची जागा) किती, वाहनतळाची अट काय, हे सगळे एकत्र वाचल्याशिवाय नकाशावरच्या पिवळ्या-निळ्या रंगांना काही अर्थ नसतो. सभेत हे समजावण्यासाठी मी नेहमी एकच भूखंड घेतो. समजा तो १५ मीटर रुंद आणि २० मीटर लांब, म्हणजे ३०० चौरस मीटरचा आहे. निर्देशांक १ वरून २ केला, अशी बातमी आली की एका बाजूला आनंद होतो आणि दुसऱ्या बाजूला घबराट, कारण ३०० च्या जागी ६०० चौरस मीटर बांधकाम उभे राहणार असे सर्वांना वाटते. आता चारही बाजूंना ३ मीटरचे सामासिक अंतर सोडा. बांधायला उरते ९ बाय १४, म्हणजे १२६ चौरस मीटर. तीन मजल्यांची मर्यादा असेल तर एकूण ३७८ झाले. त्यात वाहने उभी करण्यासाठी तळमजला मोकळा सोडावा लागला, तर राहण्यासाठी २५२ उरले. निर्देशांक दुप्पट होऊनही हाती आलेली जागा जुन्या ३०० पेक्षा कमी आहे. हा हिशेब फळ्यावर मांडला की सभेतला आवाज आपोआप खाली येतो, आणि नेमक्या कोणत्या नियमाविषयी बोलायला हवे ते लोकांनाच दिसू लागते.

हे नियम मुळात कशासाठी आले, याची थोडी आठवण ठेवलेली बरी. न्यूयॉर्कमध्ये १९१५ साली इक्विटेबल इमारत भूखंडाच्या कडेपर्यंत सरळसोट उभी राहिली आणि तिच्या सावलीने आजूबाजूच्या इमारतींचा उजेड गेला. त्या शहराने १९१६ साली उंची व वापर यांचे सर्व शहराला लागू होणारे नियम केले, त्यामागे असलेल्या कारणांपैकी हे एक होते. शेजाऱ्याचा उजेड आणि हवा राखणे हा हेतू योग्यच होता. पण १९२६ साली ओहायोमधील युक्लिड या गावाच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वापरानुसार विभाग पाडण्याला मान्यता दिली, तेव्हा स्वतंत्र घरांच्या वस्तीतील भाड्याच्या सदनिकांच्या इमारतीला निकालपत्रात बांडगुळाची उपमा दिली गेली. शेजाऱ्याचे रक्षण करणारे साधन शेजारी कोण असावा हे ठरवू लागले ते असे. जपानची पद्धत याहून वेगळी आहे. तेथे वापराचे १३ विभाग राष्ट्रीय कायद्यानेच ठरलेले आहेत, आणि कमी उंचीच्या घरांसाठी राखलेल्या सर्वांत कडक विभागातही राहत्या घरात ५० चौरस मीटरपर्यंतचे लहान दुकान चालवता येते. एखाद्या वस्तीला स्वतःसाठी जास्त बारीक नियम हवे असतील, तर १९८० पासून जिल्हा आराखड्याची वेगळी तरतूद आहे. माझा कल या पद्धतीकडे आहे. विभाग थोडे आणि सर्वांना समजतील असे असावेत, त्यांत रोजच्या गरजेच्या छोट्या वापरांना आधीच जागा असावी आणि बारकावे तेवढे परिसराने ठरवावेत.

आता तुमच्या मागच्या सभेविषयी. तिथे जे बोलले, ते खोटे बोलले असतील असे नाही. पण ते कोण होते, हे पाहायला हवे. बोस्टन विद्यापीठातील अभ्यासकांनी मॅसॅच्युसेट्समधील ९७ शहरे व गावे यांच्या नियोजनविषयक बैठकांची इतिवृत्ते तपासली, तेव्हा बोलणाऱ्यांमध्ये घरमालक, वयस्कर आणि दीर्घकाळचे रहिवासी यांचे प्रमाण मतदारांमधील त्यांच्या प्रमाणापेक्षा स्पष्टपणे जास्त आढळले, आणि नव्या घरबांधणीला पाठिंबा देणारे बोल सुमारे १५ टक्केच निघाले. भाडेकरू, रात्रपाळी करणारे, लहान मुले सांभाळणाऱ्या स्त्रिया संध्याकाळी सातच्या सभेला येत नाहीत. जे पुढच्या दहा वर्षांत तिथे राहायला येतील, त्यांना तर बोलावणेही शक्य नसते. यावर सभा वाढवणे हा उपाय नाही. शाळा सुटण्याच्या वेळी फाटकापाशी, बसथांब्यावर, दवाखान्याच्या बाकावर जाऊन तीन-चार नेमके प्रश्न विचारा आणि प्रत्येक उत्तराबरोबर इतकेच नोंदवा की उत्तर देणारा मालक की भाडेकरू, कोणत्या वयोगटातला आणि कोणत्या गल्लीतला. ही बेरीज जनगणनेच्या आकड्यांशी ताडून पाहा. जो गट कमी पडला असेल त्याच्याकडे पुन्हा जा. हे काम कंटाळवाणे आहे, पण ते केल्याशिवाय ‘परिसराचे मत’ हे शब्द वापरण्याचा अधिकार कोणालाही नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

लोकांच्या हातात नेमके काय आहे आणि काय नाही, हेही पहिल्याच दिवशी सांगा. अमेरिकन अभ्यासक शेरी अर्नस्टाइन यांनी १९६९ साली लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. त्यात नुसता सल्ला घेणे ही चौथी पायरी आहे आणि निर्णयातील खरा वाटा सहाव्या पायरीपासून सुरू होतो. चौथ्या पायरीवर उभे करून आठव्या, म्हणजे संपूर्ण लोकनियंत्रणाच्या, पायरीचे आश्वासन दिले, की लोकांचा जो विश्वास उडतो तो पुढच्या आराखड्यापर्यंत परत येत नाही. दुसऱ्या बाजूने पाहिले तर सगळेच परिसरावर सोडणेही मला पटत नाही. इंग्लंडमध्ये २०११ च्या कायद्याने वस्त्यांना स्वतःचा परिसर आराखडा करण्याचा अधिकार मिळाला. स्वतंत्र परीक्षकाच्या तपासणीनंतर त्यावर सार्वमत घेतले जाते आणि निम्म्याहून अधिक मते मिळाली तर तो लागू होतो. मात्र वरच्या आराखड्यात ठरलेल्यापेक्षा कमी विकास सुचवण्याची मुभा त्यात नाही. ही अट मला न्याय्य वाटते, कारण प्रत्येक परिसराने ‘आमच्याकडे नको’ म्हटले तर घरे, दवाखाने आणि कचरा हाताळण्याच्या जागा कुठेच होणार नाहीत. ‘किती’ हे बऱ्याच अंशी शहराने ठरवावे. ‘कुठे’ आणि ‘कसे’ यांत परिसराचा शब्द वजनदार असावा. अमेरिकेतील ह्यूस्टन शहरात वापराचे विभागच नाहीत, तरी तिथेही अशी तडजोड झाली. १९९८ साली मध्यवर्ती वर्तुळमार्गाच्या आतील भूखंडाचे किमान क्षेत्र ५,००० वरून १,४०० चौरस फुटांपर्यंत खाली आणता येईल असा नियम झाला, पण ज्या गल्लीला मोठे भूखंड टिकवायचे होते तिला अर्ज करून तशी मर्यादा मागण्याची वाट ठेवली गेली.

आरक्षणांच्या, म्हणजे सार्वजनिक कामासाठी जमिनी राखून ठेवण्याच्या, बाबतीत एक पथ्य पाळा. एखाद्याची जमीन मैदानासाठी किंवा रस्ता रुंदीकरणासाठी सुचवली जाणार असेल, तर प्रारूप आराखडा प्रसिद्ध होण्याआधी त्या माणसाला समक्ष भेटा, आणि मोबदला कोण, कशातून व केव्हापर्यंत देणार हे त्याला सांगता येत नसेल तर ते आरक्षण टाकू नका. वर्षानुवर्षे अडकून पडलेली जमीन ना मालकाला उपयोगी पडते, ना मुलांना खेळायला मिळते.

सूचना व हरकतींच्या टप्प्यावर माझ्याकडून झालेली एक चूक सांगतो. एका सुनावणीत दिवसाला शेकडो हरकती ऐकायच्या होत्या आणि प्रत्येकाला दोन मिनिटे होती. एका गृहस्थांनी पेन्सिलने काढलेला गटाराच्या उताराचा आराखडा आणला होता, मोजमापांसकट. आम्ही त्यापुढे ‘विचारात घेतले’ असे लिहिले आणि पुढच्या माणसाला बोलावले. तो कागद पुन्हा कोणी उघडला नाही, मीही नाही. ‘विचारात घेतले’ हे उत्तर नव्हे. तेव्हापासून मी प्रत्येक ठिकाणी हाच आग्रह धरत आलो आहे की प्रत्येक हरकतीला क्रमांक द्यावा, तिच्यापुढे मान्य, अंशतः मान्य की अमान्य ते लिहावे, त्याचे कारण निदान दोन वाक्यांत द्यावे आणि हा संपूर्ण तक्ता अंतिम आराखड्याबरोबरच प्रसिद्ध करावा. हरकत अमान्य झालेली माणसेही कारण वाचल्यावर बहुतेक वेळा शांत होतात. त्यांना राग येतो तो आपला कागद कोणी वाचलाच नाही याचा.

या सगळ्याला काही हजार कुटुंबांच्या परिसरासाठी आठ-दहा महिने लागतील, असे धरून चाला. पण पहिल्या सभेची तारीख ठरवण्याआधी एक काम करा. जुन्या आराखड्याची मोठी प्रत काढा आणि दोन-चार जणांनी मिळून त्यातला प्रत्येक प्रस्ताव जागेवर जाऊन तपासा: कोणता रस्ता झाला, कोणते मैदान झाले, कोणते आरक्षण तसेच पडून आहे, कुठे नियम एक आणि वापर दुसराच आहे. झालेल्याला हिरवी आणि न झालेल्याला लाल खूण करा. तो कागद सभेच्या दाराशी लावा आणि नवा नकाशा त्या दिवशी आणूच नका.