कस्टमर टेबलमधली स्टेज रोज ओव्हरराइट होते, मागचा आकडा कसा काढायचा?

तुम्ही म्हणताय की कस्टमर टेबलमध्ये स्टेजचा (ग्राहक चालू आहे, थंड आहे की गेला ते) एकच कॉलम आहे, रोज रात्री ओव्हरराइट होतो, आणि मागच्या जूनअखेर किती जण अॅक्टिव्ह होते ते आता निघंना. कसं निघंल, जुनी स्टेज रोज पुसली जायलीय.

मी लातूर-परभणीकडच्या कृषी सेवा केंद्रांचा सेल्स डेटा बघतो, त्यावरून सांगतो. स्टेजचं वेगळं टेबल करा, एससीडी टाइप २ वालं, म्हणजे बदल झाला की जुनी ओळ न पुसता नवी ओळ जोडायची. कस्टमर की, स्टेज, कधीपासून, कधीपर्यंत, एवढंच. चालू ओळीला ९९९९ सालची तारीख टाका, नल (रिकामा रकाना) ठेवला की प्रत्येक क्वेरीत त्रास. "कधीपर्यंत"चा दिवस त्या ओळीत धरायचा नाही, तो पुढच्या ओळीचा, नाहीतर बदलाच्या दिवशी ग्राहक दोनदा मोजला जातो.

कुणी अॅक्युम्युलेटिंग स्नॅपशॉट सुचवंल, एका ग्राहकाला एक ओळ न् प्रत्येक स्टेजच्या तारखेला एक कॉलम. ऑर्डर, डिस्पॅच, डिलिव्हरी अशा सरळ कामाला ते छानच, पण ग्राहक जातो न् परत येतो, मग दुसऱ्या वेळची तारीख कुठं लिहिणार?

खरी गोम मात्र स्टेज ठरवायच्या नियमात आहे. ९० दिवस खरेदी नाही म्हणजे चर्न (ग्राहक गेला), हे इकडं चालतच नाही, शेतकरी जूनमध्ये सोयाबीनचं बियाणं-खत नेतो, ऑक्टोबर-नोव्हेंबरात हरभऱ्याचं, आणि मग थेट मृगालाच दुकानाची पायरी चढतो, काहींचं तर फक्त खरीपच असतं, म्हणजे दर मार्चला चांगले बांधलेले ग्राहक तुमच्या रिपोर्टात "गेलेले" दिसणार. म्हणून दिवस मोजू नका, हंगाम मोजा. समजा एकानं २० जून २०२३ ला बियाणं नेलं, २०२४ च्या खरिपात काहीच नाही, १२ जून २०२५ ला परत आला. खरीप १ ऑक्टोबरला बंद धरलं तर तो तोपर्यंत अॅक्टिव्ह, १ ऑक्टोबर २०२४ पासून थंड, १२ जून २०२५ पासून परतलेला. तीन ओळी. सलग दोन खरीप चुकले तरच चर्न. प्रत्येक ओळीत नियमाचं व्हर्जनही लिहा, नियम उद्या बदलणारच.

अजून एक, उधारीची बिलं दुकानदार बऱ्याचदा दसऱ्याच्या आसपास एकदम चढवतात. त्यामुळं बिलाची तारीख न् लोडची तारीख (बिल सिस्टीममध्ये आलं ती) दोन्ही ठेवा, आणि मागच्या दोन हंगामांच्या ओळी मूळ विक्रीवरून परत बांधत जा. यानं जुने आकडे हलतात, न् साहेबांना आधी दिलेला आकडा हलला की वाद होतो, म्हणून महिनाअखेरचा स्नॅपशॉट (त्या दिवशीच्या आकड्यांची जशीच्या तशी नक्कल) वेगळ्या टेबलात टाकायचा न् त्याला नंतर हात लावायचा नाही.