संच बघून तारीख ठरवा : बॅलेप्रेमी वाचकांचे प्रश्न

परदेशी बॅले कंपन्या, त्यांचे दौरे आणि कोणत्या प्रयोगाला कोण नाचणार याविषयी आलेल्या पत्रांपैकी काही पत्रांना या अंकात उत्तरं देत आहोत.

प्रश्न : मुलीकडे लंडनला जाणार आहोत. मारियानेला नुन्येझला प्रत्यक्ष नाचताना बघायची फार इच्छा आहे. तिकीट कधी आणि कसं काढावं? – एक वाचक, नाशिक

उत्तर : नुन्येझ १९९८ मध्ये रॉयल बॅलेत आली आणि २००२ पासून ती तिथे प्रिन्सिपल, म्हणजे सर्वांत वरच्या श्रेणीची कलाकार आहे. ही कंपनी कॉव्हेंट गार्डनच्या रॉयल ऑपेरा हाउसमध्ये प्रयोग करते. संस्थेचं नाव २०२४ मध्ये 'रॉयल बॅले अँड ऑपेरा' झालं, नाट्यगृहाचं मात्र जुनंच आहे. शोधताना दोन्ही नावं दिसली तर गोंधळू नका.

हंगाम शरदात सुरू होतो आणि उन्हाळ्यात संपतो. तिकीटविक्री टप्प्याटप्प्याने उघडते. आधी सभासदांना, मग सगळ्यांना. एकाच बॅलेचे वीस-पंचवीस प्रयोग असतात आणि प्रमुख जोड्या आलटून पालटून नाचतात. त्यामुळे नुसतं 'स्वान लेक' बघून तारीख ठरवू नका. त्या बॅलेच्या पानावर खाली कलाकारांची यादी असते आणि प्रत्येक नावापुढे तारखा दिलेल्या असतात. प्रमुख भूमिकांची नावं साधारणपणे सर्वांसाठी विक्री उघडण्याआधीच लागतात. दुय्यम भूमिकांची नंतर लागतात. आधी नाव, मग तारीख, आणि विमानाचं तिकीट त्यानंतर, हा क्रम ठेवला तर चुकामूक होत नाही.

नुन्येझच्या तारखा झपाट्याने संपतात. तरी दोन वाटा उरतात. परत आलेली तिकिटं नाट्यगृहाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर एकेक करून पुन्हा दिसतात, विशेषतः प्रयोगाच्या आदल्या दोन-तीन दिवसांत. दुसरी वाट शुक्रवारच्या राखीव तिकिटांची. लंडनच्या वेळेनुसार दुपारी १ वाजता पुढच्या आठवड्यातल्या प्रयोगांची काही तिकिटं खुली होतात. भारतात तेव्हा उन्हाळी वेळापत्रकात संध्याकाळचे साडेपाच आणि हिवाळ्यात साडेसहा वाजलेले असतात. घड्याळ मार्चच्या शेवटच्या रविवारी आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतं.

भारतातून तिकीट काढताना घोळ बहुतेक वेळा पैसे भरताना होतो. आपल्याकडच्या अनेक कार्डांवर परदेशी व्यवहार बंदच असतात. ते बँकेच्या ॲपमध्ये आदल्या दिवशी सुरू करा, मर्यादा तपासा, खातं आधीच उघडून ठेवा. निवडलेली खुर्ची थोडाच वेळ तुमच्या नावावर राहते. ओटीपी यायला उशीर झाला की ती दुसऱ्याला जाते. मुलगी तिथेच असेल तर तिच्या कार्डावरून काढणं सर्वांत सोपं.

खुर्चीबद्दल आमचं मत स्पष्ट आहे. हंसांची रांग बघायची तर सर्वांत वरच्या अँफिथिएटरमधली मधली जागा घ्या. बाजूच्या स्वस्त बाकांवरून रंगमंचाचा एक कोपरा कापला जातो आणि कित्येकदा नेमका प्रवेश त्याच कोपऱ्यातून होतो. चेहरे दिसायला छोटी दुर्बीण बरोबर असू द्या.

प्रश्न : आवडत्या नर्तकाचं नाव बघून महागडं तिकीट काढलं, आणि तीन आठवड्यांनी यादीत दुसरंच नाव! पैसे परत मागितले तर नकार मिळाला. हे योग्य आहे का? – एक वाचक, मुलुंड

उत्तर : मनाला लागणारी गोष्ट आहे, पण सगळ्या मोठ्या कंपन्यांचा नियम हाच आहे. कलाकार बदलू शकतात अशी ओळ तिकिटाच्या अटींमध्ये असते आणि तेवढ्या कारणावरून पैसे परत मिळत नाहीत.

बदलाचं मुख्य कारण दुखापत. पोटरी, घोटा, पाऊल, गुडघा, पाठ, यांतलं एक तरी काही ना काही कुरबुर करतच असतं. आठवडाभर आधी जोर पडू दिला तर हंगाम वाया जातो, म्हणून डॉक्टर आणि दिग्दर्शक वेळीच थांबवतात. प्रेक्षकांना चकित करणारी गोष्ट म्हणजे दुखापत एकाची आणि यादीतून नावं दोघांची जातात. त्यामागे जोडीचं तंत्र आहे. नर्तिका एका पायाच्या टोकावर गिरकी घेते तेव्हा जोडीदार नर्तकाचे हात तिच्या कमरेला जेमतेम टेकलेले असतात. तिचा तोल बोटभर ढळला तर तो त्याला तळहातात कळायला हवा, आणि तिला न थांबवता सावरताही यायला हवं. हे दोन तालमींत बसत नाही. उंचीही जुळावी लागते, कारण पॉइंटवर, म्हणजे पायाच्या टोकावर, उभी राहिली की ती बरीच उंच होते. म्हणून कंपनी अनेकदा एकटा बदली नर्तक देण्याऐवजी त्याच बॅलेतली दुसरी तयार जोडी त्या तारखेला आणते. मग त्या जोडीची मूळ तारीख तिसऱ्या जोडीकडे जाते आणि एका घोट्यापायी चार प्रयोगांची यादी हलते.

धोका कमी करता येतो. एक महागडं तिकीट काढण्याऐवजी वेगवेगळ्या जोड्यांची दोन स्वस्त तिकिटं काढा. नर्तक मोठ्या दुखापतीनंतर नुकताच परतत असेल तर त्याच्या पहिल्या तारखेवर सगळी भिस्त ठेवू नका. यादी महिन्याभरापूर्वी एकदा आणि शेवटच्या आठवड्यात रोज बघा.

आणि बदली कलाकाराला मनापासून बघा. मार्च २०२३ मध्ये पॅरिस ऑपेरा बॅले 'जिझेल' घेऊन दक्षिण कोरियात सोलला गेली होती. ह्यूगो मार्शां जायबंदी झाला आणि आल्ब्रेख्टची, म्हणजे नायकाची, भूमिका गियोम दियॉपकडे आली. ११ मार्चच्या प्रयोगानंतर तिथेच रंगमंचावर त्याला 'एत्वाल' घोषित करण्यात आलं. पॅरिसच्या उतरंडीत काद्रिय, कोरिफे, स्यूजे, प्रमिये दान्सर आणि एत्वाल अशा पाच पायऱ्या आहेत. दियॉप तिसऱ्या पायरीवरून थेट पाचव्यावर गेला आणि या कंपनीचा पहिला कृष्णवर्णीय एत्वाल ठरला. मधल्या पायऱ्या परंपरेने परीक्षा देऊन चढायच्या. एत्वाल मात्र संचालकांच्या शिफारशीवरूनच होता येतं, आणि ती घोषणा बहुधा पडदा पडल्यावर प्रेक्षकांसमोर होते. त्या रात्री मार्शांसाठी आलेल्या प्रेक्षकांनी इतिहास घडताना पाहिला.

प्रश्न : शहरात 'जगप्रसिद्ध रशियन बॅले'च्या 'स्वान लेक'ची जाहिरात लागली आहे. ही खरी मोठी कंपनी आहे का, हे कसं ओळखायचं? – एक वाचक, पुणे

उत्तर : कंपनीचं मूळ घर शोधा. बोल्शॉय म्हटलं की मॉस्को, मारिन्स्की म्हटलं की सेंट पीटर्सबर्ग. मोठ्या कंपनीचं स्वतःचं नाट्यगृह आणि वर्षभराचं वेळापत्रक असतं, आणि दौरा तिच्या स्वतःच्या संकेतस्थळावर तारखेसह लागलेला असतो. जाहिरातीत भारदस्त नाव आहे, पण त्या नावाच्या कंपनीला घरच नाही, तर ती केवळ दौऱ्यांसाठी जमवलेली मंडळी समजा. त्यांच्यातही चांगले नर्तक असतात. फक्त अपेक्षा आणि तिकिटाचा दर यांचा मेळ घाला.

आयोजकांना फोन करून तीन गोष्टी विचारा. ओडेट (हंस झालेली नायिका) आणि राजपुत्राचं काम कोण करणार? वाद्यवृंद प्रत्यक्ष असेल की संगीत ध्वनिमुद्रित? हंसांच्या समूहात किती जणी? मोठ्या कंपन्यांत दोन डझनांच्या आसपास असतात. बारा जणींवर भागवलं असेल तर दुसऱ्या अंकातली तळ्याकाठची भव्यता येत नाही. 'गाला' असा शब्द दिसला तर ते संपूर्ण बॅले नसून निवडक युगुलनृत्यांचा कार्यक्रम आहे हे लक्षात घ्या. गालात पाहुणे कलाकार निरनिराळ्या देशांतून येतात. व्हिसा आणि मूळ कंपनीच्या तालमी यांमुळे तिथली यादी सर्वांत जास्त बदलते.

मोठी कंपनी पूर्ण बॅले घेऊन भारतात सहसा येत नाही, त्यालाही कारण आहे. नर्तक, तंत्रज्ञ, वेशभूषेची माणसं मिळून शंभराच्या घरात मंडळी असतात, नेपथ्य जहाजाने आठवडे आधी रवाना होतं, आणि लवचीक लाकडी तळावर अंथरलेली विशेष चटई लागते. काँक्रीटवरच्या कडक फळ्यांवर उड्या मारल्या की नडग्या आणि गुडघे जातात. जपानमध्ये मात्र मोठ्या कंपन्या वारंवार जातात. तिथला प्रेक्षक नर्तकाचं नाव बघून तिकीट काढतो, म्हणून आयोजक भूमिकांची यादी कित्येक महिने आधी लावतात. टोकियोत दर तीन वर्षांनी जागतिक बॅले महोत्सवही भरतो. परदेशी कंपन्यांचे दौरे बरेचदा त्यांचा घरचा हंगाम संपल्यावर, जून-जुलैत असतात.

प्रश्न : बोल्शॉय पुन्हा लंडनला कधी येणार? – एक वाचक, स्लाव (इंग्लंड)

उत्तर : तूर्त वाट बघू नका. २०२२ च्या उन्हाळ्यातला त्यांचा लंडनचा हंगाम युक्रेनवरील आक्रमणानंतर रॉयल ऑपेरा हाउसने रद्द केला. काही कलाकार मात्र युरोपातच भेटतात. बोल्शॉयची ओल्गा स्मिर्नोव्हा मार्च २०२२ मध्ये ॲमस्टरडॅमच्या डच नॅशनल बॅलेत गेली. नताल्या ओसिपोव्हाही मूळची बोल्शॉयची. ती २०१३ मध्ये रॉयल बॅलेत आली.

प्रश्न : आम्ही एडिसनला राहतो. न्यूयॉर्कमध्ये दोन मोठ्या कंपन्या आहेत. कोणाचं तिकीट कधी काढावं? – एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : दोघींची पद्धत वेगळी आहे. अमेरिकन बॅले थिएटर उन्हाळ्यात मेट्रोपोलिटन ऑपेरा हाउसमध्ये मुख्यतः पूर्ण लांबीची कथाबॅले करते. प्रमुख भूमिकांची नावं कित्येक महिने आधी लागतात, म्हणून तिथे कलाकार बघून आधीच तिकीट काढा.

न्यूयॉर्क सिटी बॅले शेजारच्या डेव्हिड कोक थिएटरमध्ये असते. एका संध्याकाळी तीन-चार छोटी बॅले होतात आणि यादी प्रयोगाच्या साधारण दोन आठवडे आधीच येते. तिथे आधी कार्यक्रम निवडा आणि नाताळातल्या 'नटक्रॅकर'चे दिवस सोडून यादी येईपर्यंत थांबा. यादीत नावापुढे तारांकन असेल तर तो कलाकार ती भूमिका पहिल्यांदा करतो आहे. असा प्रयोग आम्ही तरी सोडणार नाही. नृत्यरचनाकार बॅलन्शिनचं 'सेरेनेड' असेल तर मुद्दाम वर, फोर्थ रिंगमध्ये बसा. पडदा उघडतो तेव्हा १७ नर्तिका एक हात उंचावून उभ्या असतात आणि त्यांची रचना वरूनच पूर्ण दिसते.

एडिसनहून एनजे ट्रान्झिटने पेन स्टेशन आणि तिथून १ नंबरच्या सबवेने ६६ व्या रस्त्यावरचं लिंकन सेंटर; दोन्ही नाट्यगृहं तिथेच आहेत. उशिरा येणाऱ्यांना मध्येच आत सोडत नाहीत, म्हणून अर्धा तास हाताशी ठेवून निघा.

प्रश्न : 'स्वान लेक'मध्ये पांढरा आणि काळा हंस एकच नर्तिका करते का? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : हो, बहुतेक सगळ्या आवृत्त्यांत. पांढरी ती ओडेट, काळी ती ओडील; म्हणूनच यादीत 'ओडेट/ओडील' असं एकत्र लिहिलेलं असतं. तिसऱ्या अंकात ओडीलच्या सलग ३२ फुएते, म्हणजे एका पायावरच्या गिरक्या, येतात. 'स्वान लेक'मध्ये त्या १८९५ मध्ये पिएरिना लेन्यानीने आणल्या. दोन नर्तिकांची तुलना करायची तर फिरणाऱ्या पायाकडे बघू नका, टेकलेल्या पायाकडे बघा. पक्की नर्तिका जिथे सुरुवात करते जवळपास तिथेच संपवते. दमलेली नर्तिका हळूहळू रंगमंचाच्या पुढच्या कडेकडे सरकत जाते. पण दुसऱ्या अंकातला अदाज्यो, म्हणजे संथ युगुलनृत्य, ही अधिक अवघड परीक्षा आहे, असं आमचं ठाम मत आहे. तिथे आकडा मोजता येत नाही आणि काहीच लपवता येत नाही.

प्रश्न : परदेशी जाणं शक्य नाही. घरी बसून या मंडळींची खबरबात कशी ठेवू? – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : 'वर्ल्ड बॅले डे' चुकवू नका. २०१४ पासून दरवर्षी, अलीकडे ऑक्टोबर-नोव्हेंबरात, जगभरातल्या कंपन्या आपले सकाळचे वर्ग आणि तालमी मोफत थेट दाखवतात. कोण कोणाबरोबर तालीम करतंय याकडे लक्ष द्या. पुढच्या महिन्यांतल्या जोड्यांचा अंदाज तिथेच येतो. रॉयल बॅलेतल्या बढत्या हंगाम संपताना जाहीर होतात. त्यांच्याकडे आर्टिस्ट, फर्स्ट आर्टिस्ट, सोलोइस्ट, फर्स्ट सोलोइस्ट, प्रिन्सिपल अशी चढण आहे. फर्स्ट सोलोइस्टला एखाद्या शनिवारी दुपारच्या प्रयोगात प्रमुख भूमिका मिळाली, की ते नाव वहीत टिपून ठेवा. पुढच्या बढतीच्या यादीत ते आधी शोधा.