प्लेटांचं यंत्र घ्यायचं की दोन बायका कामाला ठेवायच्या?

प्रश्न, थोडक्यात: गोव्यात डिचोलीला माझं शिवणकामाचं दुकान आहे. शिलाई यंत्रं तीन, कामाला दोघी, तिसरी मी. शाळा सुरू होण्याआधी आठ आठवडे गणवेशाचं काम चालतं. म्हापशाचा एक ठेकेदार कापड देतो, मी प्लेटा घालून स्कर्ट शिवून देते, नगाला २४० रुपये. गेल्या हंगामात ६०० झाले. यंदा तो आणखी ५०० देतो म्हणतो. बेळगावच्या एका विक्रेत्याकडे कापडाला आपोआप घड्या घालणारं जुनं यंत्र आहे, २ लाख २० हजारांना. 'दोन हंगामांत वसूल' असं तो म्हणतो. कर्जही तोच करून देणार, ६ टक्के फ्लॅट, पाच वर्षं, शिवाय ३५ टक्के सबसिडी मिळते म्हणाला. नाहीतर मुलीसाठी ठेवलेली ३ लाखांची एफडी आहे. ती अकरावीला आहे. टोकन म्हणून ५,००० दिलेत. यजमानांचा खाणीवर ट्रक होता, तेव्हापासून कर्ज म्हटलं की ते नकोच म्हणतात. काय करू?

उत्तर:

ताई, पत्रासोबत वहीच्या पानांचे फोटो जोडलेत हे उत्तम केलंत. विक्रेत्याच्या कोटेशनपेक्षा मला त्यातच जास्त सापडलं. १४ मेच्या पानावर तुमच्या अक्षरात आहे, 'प्लेटा ३१, तयार १९, हुक बाकी.' पुढच्या दोन पानांवरही 'हुक बाकी', 'तुरपाई बाकी'. म्हणजे त्या आठवड्यात प्लेटा घातलेले स्कर्ट खोक्यात पडून होते आणि काम अडलं होतं सुईदोऱ्यापाशी. तेव्हा यंत्र असतं तर खोका आणखी भरला असता, एवढंच.

विक्रेत्याचा हिशोब मला पाठ आहे. ५०० गुणिले २४०, एका हंगामाचे १ लाख २० हजार, दोन हंगामांचे २ लाख ४०, यंत्र फुकट. यात दोरा नाही, हुक नाही, वीज नाही आणि शिवणारी बाई तर मुळीच नाही. प्लेट पडली की स्कर्ट झाला!

आता तुमच्याच आकड्यांनी मांडतो. खडूच्या खुणा, टाचण्या, कच्चा टाका आणि इस्त्री मिळून एका स्कर्टच्या प्लेटांना २५ मिनिटं. पुढे बेल्ट, चेन, तुरपाई, हुक, शेवटची इस्त्री यांना ५०, त्यातली वीसेक मिनिटं निव्वळ हातकामाची. एकूण ७५. म्हणजे ६०० स्कर्टना ७५० तास लागले. तिघींचे आठ आठवड्यांचे, रविवार सोडून, १,१५२ तास होतात. उरलेले चारशे ब्लाउज, फ्रॉक आणि आल्टरेशनमध्ये गेले. यंत्रामुळे २५ मिनिटांची ४ झाली असं धरू. स्कर्टला ५४ मिनिटं लागतील आणि त्याच ७५० तासांत ८३३ स्कर्ट निघतील. जादा निघाले २३३. ठेकेदाराचे ५०० यातून पुरे होतच नाहीत. नगामागे दोरा-हुक-चेनचे ३५ रुपये वजा केले की २०५ उरतात, २३३ स्कर्टचे सुमारे ४७,८००. यंत्राची वीज, कागद, दुरुस्ती यांचे ६,००० काढा. राहिले ४१,८००.

यंत्र न घेता हंगामापुरत्या दोन बायका ठेवल्या तर? ५०० जादा स्कर्ट, ७५ मिनिटांच्या हिशोबाने ६२५ तास. तुम्ही तासाला ७० रुपये देता, तेव्हा मजुरी ४३,७५०. स्कर्टचे २०५ प्रमाणे १,०२,५००. हातात ५८,७५०, यंत्रापेक्षा सतरा हजार जास्त, आणि गुंतवणूक शून्य. एकीला प्लेटा आणि इस्त्रीच्या टेबलावर बसवा, दुसरीला हुक-तुरपाईवर. तुमची तीन यंत्रं एवढं काम ओढतील, तेही मी तुमच्या तासांवरून पाहिलं.

तुम्ही म्हणाल, यंत्रही घेते आणि बाईही ठेवते. ठीक. मग ११०० स्कर्टवर प्रत्येकी २१ मिनिटं वाचली, म्हणजे ३८५ तास, ७० रुपयांनी २६,९५०. खर्चाचे ६,००० गेले की २०,९५०. यंत्राची खरी वार्षिक कमाई ही एवढी. ते वाचवतं ते घडी घालणाऱ्या बाईचे तास, आणि त्या तासाचा भाव ७० रुपये आहे. ठेकेदाराच्या २४० रुपयांशी त्याचा काही संबंध नाही. टेम्पो, वायरिंग, वीज खात्याकडून भार वाढवून घेणं हे धरून यंत्र २ लाख ४५ हजारांच्या खाली बसणार नाही. त्यावर २१ हजार म्हणजे साडेआठ टक्के. एफडी याहून थोडं कमी देते, पण मुदत संपली की मूळ रक्कम परत देते. जुन्या यंत्राला दहा वर्षांनी भंगारवाला काय देईल ते तुम्हीच ठरवा.

कर्जाचं तर बोलायलाच नको. '६ टक्के फ्लॅट' म्हणजे पाचही वर्षं पूर्ण २ लाख २० हजारांवर व्याज, तुम्ही मुद्दल फेडत असलात तरी. व्याज ६६ हजार, हप्ता ४,७६७. बँकेच्या घटत्या शिलकीच्या पद्धतीने हा दर जवळपास ११ टक्के पडतो. वर्षाचे हप्ते ५७,२००, यंत्राची कमाई २१ हजार. वरचे छत्तीस हजार तुम्ही ब्लाउज शिवून भरणार. आणि हप्ता बाराही महिने येतो, गणवेशाचं काम दोनच महिने असतं.

यजमानांच्या भीतीला मी भीती म्हणणार नाही. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, पुढे सुरू झाल्या आणि मार्च २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या, तेव्हा डिचोली-साखळीच्या रस्त्यांवर अंगणाअंगणात उभे राहिलेले ट्रक मीही पाहिलेत. टायरांवर वेली चढल्या तरी हप्ते चालू होते. ते ट्रक वाईट नव्हते. त्यांना काम देणारा एकच होता. तुमच्या यंत्रालाही एकच ठेकेदार काम देणार आहे, आणि त्याच्याकडून लेखी काहीच नाही. शाळेने उद्या स्कर्टऐवजी सलवार-कुर्ता ठरवला तर?

पैशांबाहेरचं थोडं सांगतो, कारण विक्रेता ते सांगणार नाही. या यंत्रात पातं कापडाला पुढे ढकलून घडी पाडतं आणि ती घडी वरखाली कागदासकट तापलेल्या रुळांखालून जाते. घडी टिकते ती उष्णतेने, आणि टिकते मुख्यतः पॉलिएस्टरवर, कारण तो धागा तापला की मऊ होतो आणि निवताना त्या आकारात बसतो. सुती कापड असं बसत नाही, पहिल्या धुण्यात प्लेट गेली. जपानचे फॅशन डिझायनर इस्सी मियाके यांनी तर क्रमच उलटा केला, कपडा आधी मोठ्या मापाचा शिवायचा आणि मग कागदांत घालून गरम दाबातून काढायचा. तेही पॉलिएस्टरच्या जोरावरच. तेव्हा ठेकेदाराच्या कापडात सुताचं प्रमाण किती, हे आधी विचारा. माझी मावशी पेडण्यात शिवायची. ती प्लेटा कच्च्या टाक्याने बांधून स्कर्ट रात्रभर गादीखाली ठेवायची, आणि सकाळी आम्हा पोरांना त्या गादीवरून उठवायची घाई तिला असायची. त्या प्लेटाही दुसऱ्या धुण्यापर्यंतच.

दुसरं, अशा यंत्राची सरळ प्लेट वरपासून खालपर्यंत एकाच रुंदीची येते. शाळेच्या स्कर्टची प्लेट कंबरेला आत घ्यावी लागते, प्रत्येक मापाला वेगळी, आणि ते हातानेच होतं. पूर्ण प्लेटेला तिप्पट कापड लागतं, २४ इंच कंबरेला ७२ इंच; म्हणजे तुकडे आधी जोडायचे, खालची तुरपाईही आधीच करून घ्यायची, मग कापड यंत्रात. तुमच्या दोघींच्या हातातला सगळा क्रम बदलणार, तोही ऐन हंगामात. माझी ४ मिनिटं उदारच होती म्हणायची.

आणि आपला पावसाळा. जूनपासून दुकानाच्या भिंतींना ओल, यंत्र बंद, पात्यांवर गंज. गणेश चवथीच्या आधी कुणी पांढऱ्या साटनची झालर करायला दिली आणि प्रत्येक घडीवर तांबूस रेघ उमटली, तर कापडाचे पैसे कोण भरणार?

तुम्ही पाठवलेल्या व्हिडिओतलं हाताने फिरवायचं छोटं यंत्र वेगळ्या जातीचं आहे. त्यात खाचांचे दातेरी रूळ असतात, खाचांत वाकड्या सुया बसवतात, प्रत्येकीत दोरा. दांडा फिरवला की कापड सुयांवर चढत जातं आणि एकसारख्या बारीक चुण्या दोऱ्यात ओवल्या जातात. हे स्मॉकिंगसाठी, म्हणजे चुण्यांवरच्या भरतकामासाठी. लहान मुलींच्या फ्रॉकना, कोमुन्यांवच्या, म्हणजे ख्रिस्ती मुलींच्या पहिल्या कम्युनियनच्या, पांढऱ्या फ्रॉकना छान. जाड शिवण मध्ये आली की सुई वाकते. गणवेशाला त्याचा उपयोग नाही, पण तुमच्याकडे फ्रॉकची गिऱ्हाइकं असतील तर याचा विचार पुढे करू.

सबसिडीचं. ३५ टक्के हा आकडा पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमातला, ग्रामीण भागातल्या महिला वगैरे गटांसाठीचा. पण ती योजना नव्या उद्योगाला आहे, तुमचं दुकान चालू आहे, तिथे नाव निघणार नाही. तुम्हाला बसू शकेल अशी योजना विश्वकर्मा. सप्टेंबर २०२३ पासून सुरू आहे, १८ व्यवसायांत शिंपीकाम आहे. प्रशिक्षणाच्या दिवसांचे रोज ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० चं ई-व्हाउचर, आणि तारणाशिवाय पहिलं १ लाखापर्यंतचं कर्ज ५ टक्क्यांनी, १८ महिन्यांसाठी. घरातल्या एकालाच मिळते, आणि घरात कुणी सरकारी नोकरीत असेल तर नाही. मुद्रा योजनेचं जुनं कर्ज पूर्ण फेडलेलं असेल तर आड येत नाही. त्या १५ हजारांत चांगली वाफेची इस्त्री येते का बघा. तुमच्या वहीप्रमाणे इस्त्री दिवसातून तीनदा हातात येते.

साखळी आणि वाळपईच्या मैत्रिणींसोबत तिघींत यंत्र घेण्याचंही तुम्ही लिहिलंय. भागीचे घोडे किवणाने मेले, ताई. तिघींचा हंगाम एकच, तिघींना यंत्र त्याच आठवड्यात हवं. भांडण ठरलेलं आहे.

एफडीला हात लावू नका. मुदतीआधी मोडली की बँक झालेल्या काळाचाच दर देते आणि वर बहुधा टक्काभर कापते, पण माझं कारण ते नाही. मुलीची कॉलेजची फी दोन वर्षांत भरायची आहे, आणि हे यंत्र सगळं सुरळीत चाललं तरी तोवर ४२ हजारच परत देणार.

यंदा मेहनत घ्यायची ती ठेकेदारावर. गेल्या हंगामाचे पैसे तुम्हाला चवथ उलटल्यावर मिळाले, हे तुम्ही पत्राच्या शेवटी सहज लिहून गेलात. मला तेच सगळ्यात जास्त खुपलं. उद्यम नोंदणी करून घ्या, फुकट आहे, आधार आणि पॅनवर होते. नोंदणी असलेल्या सूक्ष्म उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांत द्यावे लागतात, करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट व्याज, दर महिन्याला चक्रवाढ. शिवाय ती मुदत उलटून आर्थिक वर्ष संपेपर्यंतही पैसे दिले नाहीत तर त्याला तो खर्च आयकरात त्या वर्षी वजा करता येत नाही, हे त्याच्या सीएला नक्की माहीत असेल. भांडायला जाऊ नका. बिलावर उद्यम क्रमांक छापा, आणि ५०० स्कर्ट घेताना लेखी ऑर्डर आणि तीस टक्के आगाऊ मागा. दोन बायकांची बरीचशी मजुरी त्यातूनच निघेल. आगाऊ द्यायला तो तयार नसेल तर ५०० घेऊ नका, २०० घ्या.

यंत्राला माझा कायमचा नकार नाही. लग्नाच्या हॉलांचं, केटररांचं टेबलाच्या झालरींचं काम तुम्हाला नोव्हेंबर ते मे नियमित मिळायला लागलं, कापड पॉलिएस्टर साटन, प्लेट सरळ, कंबर-बिंबर काही नाही, तर हे यंत्र त्यासाठीच बनलंय असं म्हणायला हरकत नाही. तशी वर्षाला हजारेक तास वाचवणारी कामं वहीत दिसली की मला पुन्हा लिहा.

राहिलं टोकन. ५,००० परत मागा. देणार नाही म्हणाला तर त्यापायी २ लाख ४० हजार आणखी घालू नका. त्याला एक सुचवून बघा. यंत्र त्याच्याकडे चालू स्थितीत आहे ना, मग टोकनच्या बदल्यात त्याने तुमच्या ठेकेदाराच्या कापडाचे चाळीस स्कर्ट प्लेटा घालून द्यावेत. कापड चोर्ला घाटातून बेळगावला जाणाऱ्या बसने पाठवा. आले की त्यातला एक घरी दहा वेळा धुवा, प्रत्येक वेळी वाळल्यावर फोटो काढा, आणि मला पाठवा.