लॅब निवडण्याआधी पगार कुठल्या पैशातून येणार ते विचारा

तुमची पीएचडी संपत आलीय, न्यूरोब्लास्टोमा या लहान मुलांच्या कॅन्सरवर काम झालंय, अमेरिकेतल्या दोन लॅबकडून होकार आलाय आणि "दोघांपैकी मोठं नाव कुठलं" असं तुम्ही विचारलंय. नऊ वर्षांपूर्वी मी निघाले तेव्हा माझाही प्रश्न हाच होता आणि तो चुकीचा होता. नाव नंतर बघा. आधी दोन्ही पीआयना, म्हणजे लॅबच्या प्रमुखांना, तीन गोष्टी विचारा. माझा पगार कुठल्या ग्रँटमधून येणार, ती ग्रँट कधी संपते, आणि मी स्वतःच्या फेलोशिपसाठी अर्ज केला तर तुम्ही वेळ द्याल का. तिसऱ्या प्रश्नाला जो गोलमोल उत्तर देईल, त्याच्याकडे जाऊ नका.

असं का म्हणते, तर इथला बराचसा सरकारी पैसा आपल्यासाठी नाहीच. एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेची एफ३२ ही पोस्टडॉक (पीएचडीनंतरच्या संशोधनाची) फेलोशिप, विद्यापीठांकडे असलेल्या टी३२ ट्रेनिंग ग्रँटमधल्या जागा, डॉक्टर-संशोधकांसाठीची के०८, या तिन्हींना नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागतं. नवख्या परदेशी माणसाला खुलं असलेलं मोठं दार म्हणजे के९९/आर००. पहिली एक-दोन वर्षं पीआयच्या हाताखाली, मग असिस्टंट प्रोफेसरची जागा मिळाली की पुढची तीन वर्षं पैसा तुमच्याबरोबर नव्या विद्यापीठात येतो, वर्षाला २,४९,००० डॉलरपर्यंत. आकडा ऐकून हुरळू नका, विद्यापीठाचा ओव्हरहेड, म्हणजे जागा-वीज-कार्यालयाचा खर्च, त्यातूनच कापला जातो.

खरी मेख वेळेत आहे. अर्ज करताना पोस्टडॉकचा अनुभव चार वर्षांपेक्षा जास्त चालत नाही, आणि ही चार वर्षं अमेरिकेत उतरल्यापासून मोजत नाहीत. पीएचडीनंतर तिथेच गाइडकडे "पेपर निघेपर्यंत" पोस्टडॉक म्हणून काढलेलं वर्षही त्यात धरतात. त्यामुळे तो पेपर पीएचडी हातात पडायच्या आधी संपवा.

माझी चूक वेगळी होती. एका फेलोशिपची अट होती की मार्गदर्शकाच्या लॅबमध्ये येऊन एक वर्षापेक्षा जास्त झालेलं नसावं. मी म्हटलं, आधी स्थिरस्थावर होऊ, थोडा डेटा जमवू, मग अर्ज करू. चौदाव्या महिन्यात फॉर्म उघडला आणि पहिल्याच पानावर अपात्र ठरले. कोणीच सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं. तुम्ही रुजू होण्याची तारीख ठरवतानाच डेडलाइन समोर ठेवा.

आता फाउंडेशन्सबद्दल, कारण लहान मुलांच्या कॅन्सरमध्ये नवख्यांचा खरा आधार तेच आहेत. अमेरिकेत वर्षाला वीस वर्षांखालच्या साधारण १५,००० जणांना कॅन्सर होतो, मोठ्यांचा आकडा वीस लाखांच्या घरात आहे. इतक्या छोट्या बाजारासाठी औषध कंपन्या स्वतःहून फारशा हलत नाहीत. ती जागा आईवडिलांनी भरून काढलीय. अलेक्झांड्रा स्कॉट या न्यूरोब्लास्टोमा झालेल्या चार वर्षांच्या मुलीने २००० साली अंगणात लिंबू सरबताचा ठेला लावला. २००४ मध्ये ती गेली तोवर दहा लाख डॉलर जमले होते, आणि आज अॅलेक्सेस लेमोनेड स्टँड फाउंडेशन तरुण संशोधकांसाठी वेगळी ग्रँट देतं. सेंट बाल्ड्रिक्सची सुरुवातही २००० चीच, लोकांनी देणग्यांसाठी डोकी भादरून घेतली तिथून. त्यांच्या फेलो आणि स्कॉलर अशा पायऱ्या आहेत. शिवाय कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतून येऊन, शिकून परत जाणाऱ्यांसाठी इंटरनॅशनल स्कॉलर आहे. परतायचा विचार पक्का असेल तर ती आधी बघा. डेमन रनयन-सोन फेलोशिप चार वर्षांची असते, आणि परदेशी माणसाला चालते, फक्त काम अमेरिकेत करायला हवं.

या अर्जांत सामान्य माणसासाठीचा सारांश बहुधा मागतात. मी तो शेवटच्या रात्री उरकायचे. आता तोच आधी लिहिते. वाचणाऱ्यांत मूल गमावलेला बाप असू शकतो, आणि "सिग्नलिंग पाथवे" या शब्दांनी त्याचं काही होत नाही. काय करणार, किती वर्षं लागतील आणि काय जमणार नाही, एवढं सरळ लिहायला मला तीन अर्ज लागले.

फेलोशिप मिळाली की एचआरला एक विचारा, मी कर्मचारीच राहणार ना? काही संस्थांत स्वतःचा पैसा आणलेला पोस्टडॉक "फेलो" होतो आणि आरोग्यविमा, निवृत्ती निधी यांत फरक पडतो. कष्टाने मिळवलेल्या फेलोशिपमुळे विमा महागला, असं माझ्या ओळखीत दोघांचं झालं. पगाराचा मापदंड म्हणून एनआयएचची शिडी, म्हणजे अनुभवाच्या वर्षांप्रमाणे ठरलेले दर, बघा. २०२४ साठी नव्या पोस्टडॉकला ती ६१,००८ डॉलर होती. फेलोशिप त्याहून कमी देत असेल तर फरक कोण भरणार, हे ईमेलवर लेखी घ्या.

व्हिसाचंही पैशाशी नातं आहे. जे-१ या एक्स्चेंज व्हिसावर संशोधक जास्तीत जास्त पाच वर्षं राहू शकतो. त्यानंतर दोन वर्षं मायदेशी परतण्याची सक्ती पूर्वी कौशल्य-यादीमुळेही, म्हणजे मायदेशाला गरज असलेल्या कौशल्यांच्या यादीमुळेही, लागू व्हायची. डिसेंबर २०२४ मध्ये त्या यादीतून भारत निघाला. पण तुमचा मुक्काम भारत सरकारच्या फेलोशिपवर असेल, तर ती सक्ती अजूनही चिकटते. पैसा चांगला दिसला तरी सही करण्याआधी हे तपासा. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर बाहेरून यायचं म्हणाल, तर सप्टेंबर २०२५ च्या आदेशाने नव्या अर्जांवर एक लाख डॉलरची फी बसवलीय. पोस्टडॉकसाठी कुठली लॅब ती भरेल?

तुम्ही शेवटी विचारलंय, "परक्या माणसाला हे जमतं का?" भारतातून अमेरिकेत गेलेले जीवरसायनशास्त्रज्ञ येल्लाप्रगडा सुब्बाराव आठवा. हार्वर्डमध्ये त्यांना कायमची जागा मिळाली नाही, म्हणून १९४० मध्ये लेडर्ली या औषध कंपनीत गेले. तिथे त्यांच्या चमूने बनवलेलं अमिनोप्टेरिन हे औषध बोस्टनच्या डॉ. सिडनी फार्बरनी ल्युकेमियाच्या (रक्ताच्या कॅन्सरच्या) १६ मुलांना दिलं आणि १९४८ मध्ये कळवलं की दहांचा आजार काही काळ ओसरला. लहान मुलांच्या केमोथेरपीची सुरुवात तिथून धरतात. सुब्बाराव शेवटपर्यंत अमेरिकेचे नागरिक झाले नाहीत.

दोन्ही पीआयची उत्तरं आली की मला लिहा. रुजू व्हायची संभाव्य तारीख आणि पीएचडी कधी मिळणार तेही कळवा, म्हणजे कुठल्या फेलोशिपची मुदत आधी संपते ते एकत्र बघू.